साखळी तुटली नव्हती

१९१५ साल. मी तेवीस वर्षांचा होतो, आणि त्या साली आमच्या तबेल्यात पहिल्यांदा परक्याची सायकल राहायला आली.

तबेला म्हणजे घराला लागून असलेली कौलारू जागा. तीन बाजूंनी भिंत, पुढं लाकडी फाटक. आत माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा टांगा, टांग्याची घोडी आणि आणखी चार जनावरं मावतील एवढी ऐस. कागलकडची माणसं कोर्टाच्या कामाला नाहीतर आगगाडी धरायला कोल्हापुरात आली की घोडं आमच्याकडं सोडून जायची. आबा फाटकात उभे राहून पाव्हण्याच्या हातातला लगाम स्वतःच्या हातात घेत आणि म्हणत, "जावा, बिनघोर." पाव्हणा परत आला की लगाम पुन्हा त्याच्याच हातात. त्याच्या गड्याच्या नाही, भावाच्यासुद्धा नाही. ज्याच्या हातातनं घेतला त्याच्याच हातात द्यायचा, ही आमच्या घरची रीत. आमच्या तबेल्यातनं कधी जनावर गेलं नव्हतं. सगळ्या पेठेला हे ठाऊक होतं, आणि ते ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक होतं.

माझी स्वतःची एक सायकल होती, जुनी, एका कारकुनानं टाकायला काढलेली. आबा तिला नावं ठेवायचे. "खात न्हाय अन् हागत न्हाय, असल्या जनावराचा भरवसा काय?" मी ऐकून घ्यायचा. मला ती आवडायची, विषय संपला.

तर त्या साली देवी टोचणारे एक साहेब कागलकडनं नवी सायकल घेऊन फाटकात आले. काळी कुळकुळीत, बैठकीखाली चामड्याची पिशवी. त्यांना गाडीनं मिरजेला सासुरवाडीला जायचं होतं. रविवारी सकाळच्या गाडीनं परत येतो म्हणाले. आबा पुढं झाले खरे, पण धरायचं कुठं हे त्यांना कळेना. मी मधे शिरलो, हॅन्डल धरलं आणि म्हणालो, "जावा साहेब, बिनघोर."

आबांचं वाक्य मी पहिल्यांदा बोललो होतो. साहेब गेल्यावर आबा एवढंच म्हणाले, "आता तुझा शब्द."

तिथनं माझं बूड ठरेना. घोडा परक्याला ओळखतो, कान मागं टाकतो, लाथ घालतो. सायकल कुणाच्याही बुडाखाली गुमान जाते. तिला लगाम नाही, खूर नाही, तोंड नाही ओरडायला. मी जेवायला बसलो तरी तबेल्याकडं तोंड करून बसायचा. घास तोंडात असतानाच उठून बघून यायचा. आई म्हणाली, "सारखं उठबस, उठबस. पोटात जंत झाल्यात काय रं?"

फाटकाशेजारी नालबंद चाचा बसायचे. पेठेतल्या सगळ्या घोड्यांच्या पायांना त्यांचेच नाल. त्यांना म्हणालो, साखळी करून द्या. त्यांनी दोन दिवस भाता फुंकून अशी साखळी केली की हातात धरली तर मनगट खाली यायचं.

"हत्ती बांध हिनं," चाचा म्हणाले. "बांधणार कुठनं?"

"पुढनं. पुढचा पाय बांधला की घोडं जातंय कुठं?"

"व्हय की," चाचा म्हणाले. आबांनीही मान हलवली. आम्हा तिघांच्याही डोक्यात घोडाच होता.

दोन्ही सायकलींच्या पुढच्या चाकांतनं साखळी घातली, जमिनीत गाडलेल्या मेखेच्या कडीतनं ओढली आणि वर कुलूप ठोकलं. हिसडा मारून बघितला. भिंत हलली असती, साखळी हलली नसती. तरीपण माझा जीव काही थाऱ्यावर आला नाही. साहेबांच्या पिशवीचा पट्टा मी उगाचच उघडून बघितला. आत पाना होता, तेलाची छोटी डबी होती. पाना हातात घेऊन बघितला, छान वजनदार होता. परत ठेवून दिला.

शनिवारी कुस्त्यांचं मैदान होतं. माझ्या मामाचा पोरगा आमच्या तालमीकडनं लढणार होता. सकाळी तो फाटकात आला.

"येणार न्हवं?"

"न्हाय. राखण हाय."

"राखण? लोखंडाची?" तो मोठ्यानं ओरडला, रस्त्यावरच्या माणसांना ऐकू जावं म्हणून. "अवो बघा, ह्यो लोखंड वळायला बसलाय! कवा चरायला सोडतोस रं?"

"बोल तू."

"बरं, साखळी हाय न्हवं चाचांची? मग तू कशाला पायजेस? साखळीवर भरवसा न्हाय व्हय तुझा?"

चाचा ऐरणीवरचा हातोडा थांबवून माझ्याकडं बघत होते. आता 'न्हाय' म्हणायची सोय राहिली नाही. मी म्हणालो, "येतो."

मैदानामुळं आबांच्या टांग्याला दिवसभर गिऱ्हाईक होतं, म्हणून घोडी गेली. ती असती तर परक्याच्या वासानं खिंकाळून पेठ गोळा केली असती. आई मामाच्या घरी गेली, पोरगा जिंकून आला तर ओवाळायला. चाचा मैदानावर, शेजारपाजार मैदानावर. कुस्तीच्या दिवशी आमच्या पेठेत कुत्रंसुद्धा मागं राहत नसे.

मैदानावर मी बसलो कुठं आणि बघितलं काय, मला सांगता येणार नाही. लोक पटक्यांची टोकं उडवत होते, हलगी कडाडत होती. समोरचा एखादा माणूस उठून बाहेर निघाला की वाटायचं, हाच चालला. मी मागं बसायचा, पुढं सरकायचा, पुन्हा मागं यायचा. एक म्हातारा खेकसला, "पावणं, बसा नाहीतर जावा! मधे मधे लुडबुडू नका." मामाचा पोरगा आखाड्यात उतरला, त्यानं माती कपाळाला लावली, आणि माझ्यानं राहवेना. मी उठलो. पाठीमागं एवढा मोठा गलका झाला की कानठळ्या बसल्या. कोण पडलं हे बघायला मी वळलो नाही.

घरी आलो तर फाटक अर्धं उघडं.

माझी जुनी सायकल जागेवर होती. तिच्या शेजारी, भिंतीला टेकून, एक चाक उभं होतं. त्यातनं साखळी गेलेली, साखळीला कुलूप. सगळं जसंच्या तसं. बाकीची सायकल नव्हती. खाली गवताच्या काडीकचऱ्यात पाना पडला होता. तोच, पिशवीतला.

मी पाना उचलला आणि बाहेर धावलो. धुळीत एकाच चाकाची रेघ उमटली होती, सापासारखी वाकडीतिकडी. चोरानं पुढनं उचलून मागच्या चाकावर ढकलत नेली होती. रेघेमागनं मी मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो. तिथं मैदानाकडं गेलेल्या टांग्यांच्या चाकोऱ्या होत्या, त्यात ती विरून गेली. मी चारी वाटांनी पळून आलो. कुणाला विचारणार? विचारायला माणूस नव्हतं.

दिवस कलताना मिरवणूक आली. मामाच्या पोरानं कुस्ती मारली होती. डोक्याला नवा पटका, अंगावर गुलाल. "कुठं गेलतास रं कुस्ती टाकून?" असं म्हणत तो आत आला आणि भिंतीजवळचं चाक बघून थबकला. हलगीही थांबली. चाचांनी गुडघे टेकून साखळीची एकएक कडी बोटांनी चाचपली. मग माझ्याकडं बघितलं.

"तुटली न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय चाचा. तुटली न्हाय."

हे मी आजही सांगतो. ती साखळी तुटली नव्हती.

मामाचा पोरगा माझ्या कानाशी लागला. "घणानं तोड ती. चार जणांनी दरोडा घातला म्हणून सांग. साहेब काय म्हणणार? तुझा काय विलाज?"

त्याचा आवाज हळू नव्हताच कधी. चाचांनी ऐकलं आणि साखळीवरनं हात काढून घेतला.

"हात लावशील तर बघ," मी म्हणालो.

आबा घोडी सोडत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी घोडीच्या पाठीवर पेंढ्याची मूठ फिरवली, तिला पाणी दाखवलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "शब्द कुणी दिल्ता?"

"मी."

"मग माझ्या तोंडाकडं काय बघतोस?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी कुलूप उघडलं. त्याच पान्यानं माझ्या सायकलचं पुढचं चाक काढलं आणि साहेबांचं चाक तिथं बसवलं. जरा घासत होतं, पण फिरलं. माझं चाक मेखेपाशी ठेवलं. सायकल पुसली, पाना खिशात टाकला आणि निघालो. बसलो नाही. लोकांच्या घोड्यावर आम्ही कधी बसलो नव्हतो, आणि ही आता लोकांची होती. शाहूपुरीतनं हातानं ढकलत स्टेशनवर नेली.

गाडी आली. साहेब वळकटी घेऊन उतरले, मला बघून हसले. "अरे, तू कशाला आलास? मी आलोच असतो." मग त्यांची नजर खाली गेली. "ही माझी नव्हे."

"पुढचं चाक तुमचं हाय," मी म्हणालो. "बाकीची माझ्या तबेल्यातनं गेली. म्हणून बाकीची माझी घ्या." पानाही काढून दिला.

ते काहीतरी बोलायला लागले, नको वगैरे. मी त्यांचा हात धरला, हॅन्डलवर ठेवला, आणि त्यांची मूठ मिटेपर्यंत तिथनं हललो नाही.