चारुलता मावशींचा हात आपोआप जातो

चारुलता मावशी माझ्या घरमालकीण. इथे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, त्यांच्या वरच्या खोलीत मी दीड वर्ष राहतेय, त्यामुळे त्यांची सगळी हिस्ट्री मला पाठ आहे. पुण्यात कर्वेनगरला बावीस वर्षं कॉम्प्युटर क्लास घेतला. रिटायर्ड आजोबा, पोस्टमन, भाजीवाल्या, कुणाकुणाला माऊस धरायला शिकवला! मग त्यांच्या यजमानांना, पद्माकर काकांना, इथे नोकरी लागली आणि मावशी चार वर्षं घरात. "चार वर्षांत मी फक्त डिशवॉशरला वळण लावलं," असं स्वतःच म्हणतात, हसतात, आणि मग उगाच ओटा पुसत बसतात.

म्हणून जवळच्या किटाने, म्हणजे बालवाडीने, प्रोबेटागला बोलावलं तेव्हा घरात लगीनघाईच! एक दिवस शिकवून दाखवायचं, पसंत पडलं तर नोकरी. मुलं पाच वर्षांची, विषय कॉम्प्युटर म्हणजे काय. मी सोबत, कारण घाबरल्या की मावशींचं जर्मन गायब होतं.

"अहो, हे नाही जमलं तर मी परत कुठे अर्ज करणार नाही. सांगून ठेवते."

"आल्झो, जमेल गं," काका म्हणाले. इथे आल्यापासून त्यांचं प्रत्येक वाक्य या जर्मन 'तर मग'ने सुरू होतं.

"तुमचं आल्झो ठेवा बाजूला. चष्मा कुठाय माझा?"

"डोक्यावर."

तर किटात गालिच्यावर दहा मुलं गोल करून बसलेली. मध्ये मावशींचा जुना लॅपटॉप, बॅटरी काढलेला. हातात स्केचपेनने रंगवलेला चार्ट, इनपुट, प्रोसेस, आउटपुट, बाण बिण सगळं. मागे किटाच्या प्रमुख, फ्राऊ डॉर्न, वही घेऊन.

दोन मिनिटांत मुलं कंटाळली. एक तर सरळ आडवा झाला. मावशी घाबरून अजूनच भराभर बोलायला लागल्या. "याच्या आत मेंदू असतो."

"दाखव," मात्स नावाचा एक पठ्ठ्या म्हणाला.

"तो असा काढता येत नाही रे."

"मग नाहीच्चे."

फ्राऊ डॉर्ननी वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, खरं सांगते.

तेवढ्यात मात्स सरकत सरकत पुढे आला आणि त्याचा पाय धप्पकन कीबोर्डवर. आणि मावशींनी झटकन वाकून लॅपटॉपला हात लावला, तोच हात छातीला नेला, डोळे मिटले. वहीला पाय लागला की आपण करतो तस्सं! पाय मात्सचा, नमस्कार मावशींचा.

आडवा झालेला पोरगाही उठून बसला.

"हे काय केलंस?" एमिने नावाच्या चिमुरडीने विचारलं.

"सॉरी म्हटलं त्याला."

"त्याला दुखलं?"

"नाही. त्याला काहीच कळत नाही."

"मी ओरडलो तर?" मात्स ओरडला. लॅपटॉप ढिम्म.

"मी मूर्ख म्हटलं तर?" मग काय, सगळ्यांनी येतील तेवढ्या शिव्या घातल्या. एका शिवीला तर फ्राऊ डॉर्ननी वहीतून मान वर केली.

"बघा," मावशी म्हणाल्या, "राग नाही, भूक नाही, कंटाळा नाही. तुम्ही सांगाल तेवढंच करतो. चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करतो." चार्ट भिरकावला आणि उभ्या राहिल्या. "आता मी कॉम्प्युटर. सांगा काय करू?"

"चाल!"

मावशी चालत सुटल्या. भिंत आली तरी पाय चालूच. मुलं हसून गडाबडा लोळायला लागली. मग एमिने कमरेवर हात ठेवून पुढे आली. "ग्लास घे. बाटली उघड. ओत." थांब म्हणायला विसरली! ग्लास भरला, गालिचा भिजला, फ्राऊ डॉर्नच्या सपाता भिजल्या, तेव्हा दहा गळ्यांतून एकदम "थांऽऽब!"

नंतर फ्राऊ डॉर्ननी आम्हाला बाहेर बोलावलं. चेहरा गंभीर. "ते मघाशी तुम्ही केलंत ती प्रार्थना होती का? पालक विचारतील. आम्ही इथे धर्म शिकवत नाही."

मी घाईघाईने काहीतरी संस्कृती बिंस्कृती बडबडायला लागले.

"ऋचा, तू गप्प बस. मी बोलते." आणि मावशी बोलल्या, चुकतमाकत, पण स्वतःच्या जर्मनमध्ये. "प्रार्थना नाही. ज्याच्याकडून शिकायचं त्याला पाय लागला की आम्ही सॉरी म्हणतो. मुलांना शिकवणार नाही. पण पुन्हा करणारच नाही असं खोटं सांगू शकत नाही. हात आपोआप जातो."

मेले! मनात म्हटलं, गेली नोकरी.

काचेपलीकडे एमिने एका लेगोच्या विटेपुढे वाकली होती. दोन मुलं मुद्दाम एकमेकांना लाथ मारून नमस्कार करत होती. आणि मात्स एका खुर्चीची अगदी मनापासून माफी मागत होता.

फ्राऊ डॉर्न बघतच राहिल्या. "मात्स तीन वर्षं इथे आहे," त्या म्हणाल्या. "आजपर्यंत कुणाला सॉरी म्हटलेलं नाही." वही बंद केली. "सोमवारी साडेसातला या."

फाटकाबाहेर मावशींनी काकांना फोन लावला. "अहो, लागली! ... किती तास? ते नाही विचारलं. ... करार? नाही हो, तेही राहिलंच." मग त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला, फाटकाला टेकल्या आणि ढसाढसा रडल्या. मीही रडले. काका तिकडून ओरडत होते, "अगं कुणीतरी बोला! काय झालं?"