राहून गेलेलं आमंत्रण

फोन आला तेव्हा मी गच्चीवरची पाण्याची टाकी धूत होतो. बायकोने खालून हाक मारली नाही, ती जिना चढून वर आली, त्यावरूनच काय ते कळलं. "भाऊ गेले," एवढंच म्हणाली. प्रभाकरभाऊ म्हणजे तिचे थोरले भाऊ, सत्तरीला दोन वर्षं कमी, जळगावात आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. सकाळचा चहा घेतला, पेपर उघडला आणि तसेच खुर्चीत मागे टेकले... त्याला आता काही आठवडे झाले. मला मात्र सारखी आमची मे महिन्यातली सहल आठवते. तिच्यातली एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती, आणि एखादी गोष्ट कळली नाही की ती माझ्या डोक्यातून जात नाही.

मे महिन्यात खानदेशात कोणी हौसेने घराबाहेर पडत नाही. पण भाऊ म्हणाले, "दाजी, गाडी काढा. रमेशकडे गोल्फ खेळू, मग साक्रीला काशिनाथच्या नावेत बसू." दोघे त्यांचे साक्रीच्या शाळेतले सोबती. मी नकाशा दाखवला. वरणगाव पूर्वेला, साक्री पश्चिमेला. एका दिवसात दोन्ही म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर उगाच. "उगाच नाही," ते म्हणाले. "आधी रमेशच." का, ते काही सांगेनात.

पहाटे निघून भुसावळ ओलांडून वरणगावला पोचलो, तर रमेशभाऊंच्या पत्नी हळदीकुंकवाची कोयरीच घेऊन बाहेर आल्या. "पत्रिका कोणाची?" आमच्याकडे उन्हाळ्यात दोन पुरुष न कळवता गाडीतून दारात उतरले की ते लग्नाचं आमंत्रण द्यायलाच आलेले असतात. पत्रिकेला कुंकू, हातात अक्षता आणि तोंडाने "सहकुटुंब यायचं" एवढं झालं की आमंत्रण झालं. नुसता छापील कागद पोचला तर तो धरत नाहीत. "लग्न नाही हो वहिनी, खेळायला आलोय," भाऊ म्हणाले. वहिनींनी कोयरी आत नेली, पण विश्वास काही बसलेला दिसला नाही.

रमेशभाऊंचं गोल्फचं मैदान म्हणजे गावाबाहेरचा माळ. चार-पाच निवृत्त मंडळींनी सहा खड्डे खणलेले, त्यात डबे बसवलेले. गवत वाळून पिवळं पडलेलं, तरी बोलताना ते त्याला 'ग्रीन'च म्हणायचे. भाऊंनी तीनदा हवेतच काठी फिरवली. "चेंडू खाली आहे रे, माशा कशाला मारतोस!" रमेशभाऊ हसत होते. चौथ्या खड्ड्यापाशी भाऊंनी एकदम विचारलं, "माझ्या सुनंदाच्या लग्नाची पत्रिका काशिनाथला दिली होतीस ना?"

"दिली की. तो दुकानात नव्हता, गल्ल्यावर ठेवून आलो." मग काठी टेकून, "का रे? अजून तेच?"

तेव्हा मला उलगडा झाला. सुनंदा ही भाऊंची एकुलती मुलगी. तिच्या लग्नात भाऊ परक्यांच्या घरी स्वतः गेले, आणि काशिनाथ घरचाच म्हणून त्याची पत्रिका रमेशभाऊंच्या हाती पाठवली. काशिनाथ लग्नाला आला नाही. दोघांचं बोलणं तुटलं ते नऊ वर्षं तुटलेलंच. गाडीत मी भाऊंना म्हटलं, "आता तर सुनंदाचा मुलगा शाळेत जातो." धुळं मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. इतक्या वर्षांनी हा माणूस दारातूनच परत पाठवेल, अशी धास्ती त्यांना वाटत होती. घाम आला म्हणून पुसावा तसे ते कोरडा चेहरा पुसत होते.

काशिनाथने किराणा दुकान मुलाकडे देऊन साक्रीच्या पुढे एका धरणावर दोन कयाक ठेवल्या आहेत, निमुळत्या, हलक्या, वल्ह्याने चालवायच्या. आम्ही उतरलो तेव्हा तो एक कयाक पालथी घालून धूत होता. कोणाच्या तरी हाती पाठवायचं होतं, असा टोमणा त्याने वर न बघता अहिराणीत मारला, "आते कसाले उना? कोन्हा हाते धाडी देता ना!"

"तुलेच भेटाले उनू," भाऊ म्हणाले.

मग काशिनाथने एक लाइफ जॅकेट त्यांच्या अंगावर फेकलं. ते भाऊंच्या पोटावर बसेना. "नऊ वरीस मस्त जेवना दिखस," असं पुटपुटत त्यानेच दोरी बांधली. दोघे एकाच नावेतून पाण्यात गेले. मी काठावर. दोनेकशे मीटरवर नाव थांबली, भाऊंनी वल्हं मांडीवर ठेवलं, नाव हळूहळू गोल फिरू लागली. ऐकू काहीच आलं नाही. परतल्यावर काशिनाथच्या घरी आमरस झाला, पण परतीच्या वाटेवर मी विचारलं तर भाऊ म्हणाले, "वारा छान होता, दाजी."

भाऊंच्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, काशिनाथ आला. मंडपाच्या कडेला त्याला गाठून मी तेच विचारलं. तो म्हणाला, "मी म्हनू, वल्हं मार, नाव फिरी राहिनी. तो म्हने, आधी ऐक. पोरनं लगीन शे, बठ्ठासनी येवानं. अक्षता नही व्हत्यात, मंग धरननं पानी मना हातवर सोडं त्यानी." म्हणजे सगळ्यांनी यायचं, असं ते राहिलेलं आमंत्रण भाऊंनी नावेत स्वतः दिलं होतं. "मी तारीख इचारी. त्यानी तीच सांगी, नऊ वरीसनी. मी म्हनू, येसू."

मग त्याने पिशवीतून साडी काढली, गडद हिरवी, जरीकाठाची. सुनंदाला वाटलं दुखवट्याची असेल, पण अशा दिवशी हा रंग कोणी आणत नाही. ती रंगाकडे बघत राहिली. "लगीनना आहेर शे, बेटा," तो म्हणाला. "उशीर व्हयना." तिने साडी छातीशी धरली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली.

पंगतीत वरण-बट्टी होती. भाऊ वाढायला आले की ताटावर हात आडवा धरण्याची सोय नसायची. ते बोटांच्या फटींतून तूप सोडायचे. सुनंदा डोळे पुसून तुपाची वाटी घेऊन उठली. काशिनाथने बट्टीवर हात आडवा धरला. तिने बोटांवरच धार धरली.

"बस, पोरी, बस," तो म्हणाला... पण हात काही त्याने काढला नाही.