काळतोंड्या मेंढ्याची मापं

नरखेडला जनावरांचा डॉक्टर म्हणून मी रुजू झालो, तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. गावोगाव संकरित मेंढे वाटले जात होते आणि जुनी काळतोंडी गावठी जात नाहीशी होत चालली होती. तिचा शुद्ध मेंढा आमच्या भागात एकच उरला होता, एका विधवा धनगरणीकडे. त्याची लक्षणं लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

मेंढा देखणा होता. तोंड मानेपर्यंत काळंभोर, नाक बाकदार, कान बोटभर, पाय उंच. लोकर राठ आणि पोटाखाली जवळजवळ नाहीच, त्यामुळे काळ्या मातीचा चिखल त्याला चिकटत नसे. दोरी घालून मी त्याची मापं घेतली, मग चार मेंढ्यांचीही.

संध्याकाळी क्वार्टरवर पिशवी रिकामी केली आणि दोरी हातात आली. त्याच दिवशी सकाळी दुसऱ्या गावात मी देवी आलेल्या मेंढ्या तपासल्या होत्या. हात साबणाने धुतले होते. दोरी मात्र तीच होती.

बोललो नसतो तर कुणाला कळलंही नसतं. हा विचार मनात आला, याचीच जास्त भीती वाटली. उजाडताच मोटरसायकल काढली आणि त्या धनगरणीचं घर गाठलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "काल काहून नाही सांगतलं?"

"लक्षातच आलं नाही, मावशी."

"तुमच्या ध्यानात नाही आलं, अन् माह्या घरचं सारं सपलं असतं."

तिने ती पाच जनावरं संत्र्याच्या बागेपलीकडे वेगळी बांधली. मी नागपुरातून बर्फाच्या थर्मासात लस आणली आणि बाकीच्या कळपाला टोचली.

"आता रोज या," ती म्हणाली. "अन् बूट रस्त्यावरच काढा."

रोज सकाळी मी एकेकाची शेपटी उचलून खालची उघडी कातडी बघायचो. आठव्या दिवशी एका मेंढीला ताप आला, दुसऱ्या दिवशी शेपटीखाली लाल गाठी दिसल्या.

"तेच हाय का?"

"हो."

चारांतल्या दोन मेंढ्या गेल्या. मग एका सकाळी मेंढ्याने चारा सोडला. मी लांबच थांबलो. शेवटी तिनेच त्याची शेपटी वर धरली.

"या, पाहा."

कातडी स्वच्छ होती. तरी तो खायला लागायला तीन दिवस गेले.

तो वाचला. पावसाळा संपल्यावर त्याची दोन नर कोकरं आणि काही मादी कोकरं तिने कन्हान नदीकाठी खाप्याला भावाकडे पाठवली. मी कारण विचारलं.

"सारे एकाच जागी राह्यले तं एकाच दिवशी जातीन," ती म्हणाली.

पुढे कन्हानच्या काठीही काळतोंडी कोकरं झाली. पण कुठे देवी आल्याचं कानावर आलं, की कपडे बदलल्याशिवाय मी तिच्या गावाची वाट धरत नसे.