पटलेभाऊंची पेटी

“फक्त एवढं लिहून द्या,” पटलेभाऊ म्हणाले. “मशीन ओके आहे, ऑपरेटर बंद करते.”

तिरोड्याला त्यांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. तिथला कॉम्प्युटर चालता चालता अचानक बंद पडायचा, म्हणून पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा तो माझ्या गोंदियाच्या रिपेअरिंग शॉपमध्ये आला होता. मे महिना, लग्नाचा सीझन. अर्धी पत्रिका टाइप झाली की स्क्रीन काळी. नव्याने टाइप करताना नवरदेवाच्या एका मामाचं नाव राहून गेलं, आणि ते मामा दुकानात येऊन भांडून गेले.

पहिल्या वेळी मी प्रोसेसर गरम होत असेल असं धरलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. तो फार तापला तर जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होते. मी धूळ काढली, फॅन बदलला, नवी थर्मल पेस्ट लावली. ही पेस्ट टूथपेस्टसारखी असते, प्रोसेसरची उष्णता वरच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यात पोचवते. दुसऱ्या वेळी चार तास जड सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. मशीन हूं की चूं नाही. विंडोजच्या नोंदीत तेवढं “अचानक बंद” असं दिसत होतं. पण कोणी प्लग उपटला तरी तिथे तेच लिहून येतं.

“मी बसलो असलो का बंद होत नाही,” पटलेभाऊ म्हणाले. “जेवाले गेलो का बंद. आता सांगा, मशीनले माझी भीती वाटते का?”

खरं सांगायचं तर मलाही त्या ऑपरेटरचाच संशय आला. चोवीस वर्षं या धंद्यात आहे. कीबोर्डवर चहा सांडणाराही “आपोआपच झालं जी” म्हणतो. ऑपरेटरला मी पाहिलंही नव्हतं. तरी बिलावर लिहिलं : मशीन तपासली, दोष नाही. तिचं नाव लिहिलं नाही, याचंच मला मोठं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. नाव वनिता. आवाज चढलेला नव्हता.

“तुमी लिहून देल्लं म्हणून भाऊ मले सोमवारपासून येऊ नको म्हणून राहिले जी. मी कायले बंद करीन? पत्रिका गेली का मलेच पुन्हा टाइप करा लागते. एकदा इथं येऊन तं पाहा.”

मला राग आला. माझ्या कामावर शंका घेणारी ही कोण? शनिवारी गाडी काढली ती तिला रंगेहाथ पकडायलाच.

दुकानात टेबलावर मॉनिटर, कीबोर्ड, माउस. बाकी मशीन दिसेना. पटलेभाऊंनी अभिमानाने टेबलाखाली बोट दाखवलं. तिथे सागवानाची मजबूत पेटी, दाराला कडी, कडीला पितळी कुलूप. मशीन आत. आधीचा ऑपरेटर पत्रिकांची सगळी डिझाइन पेन ड्राइव्हमध्ये भरून घेऊन गेला आणि समोरच दुकान थाटून बसला. तेव्हापासून मशीनला हात फक्त पटलेभाऊंचा. वायरींपुरतं मागे एक भोक, तेही उंदीर जाऊ नये म्हणून चिंध्यांनी बुजवलेलं.

ते दुकानात होते म्हणून दार उघडं होतं. मी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. सत्तरच्या आसपास आकडा, काळजीचं काही नाही. वनिता खाली मान घालून टाइप करत होती. मी मुद्दाम तिच्या पायांकडे लक्ष ठेवून होतो, स्विचबोर्ड तिकडेच होता.

एक वाजता पटलेभाऊ उठले. रोजच्या सवयीने पेटीचं दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि जेवायला गेले.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. मी वनिताला उठून दाराजवळच्या स्टुलावर बसायला सांगितलं आणि तिचीच एक जड फाइल स्वतः चालू करून ठेवली. आकडा अठ्ठ्याहत्तर झाला. मग शहाऐंशी, त्र्याण्णव. पंचविसाव्या मिनिटाला नव्याण्णव दिसला आणि स्क्रीन काळी झाली. वनिता स्टुलावर होती, मांडीवर डबा.

“मी इथंच आहो ना जी?” एवढंच म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही नव्हता, आणि फाशीचा कागद मी लिहून दिलेला.

पटलेभाऊ परतले, त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुमी दोघांनी मिळून तं नाही केलं?”

मग पुन्हा तेच केलं. मशीन थंड झाल्यावर चालू केली, त्यांच्याच हाताने कुलूप लावलं, आणि तिघंही मशीनपासून लांब बसलो. एक गिऱ्हाईक आलं, त्यालाही बसवलं. अर्धा तासही गेला नाही, स्क्रीन काळी.

पटलेभाऊंनी किल्ली काढून कुलूप उघडलं. म्हणाले, “मंग पेन ड्राइव्हचं काय?”

पेन ड्राइव्ह बंद करायची सोय मशीनच्या सेटिंगमध्येच असते, त्याला पासवर्ड लागतो. पाच मिनिटांचं काम. पासवर्ड त्यांनी मला पाठमोरं उभं करून टाकला. पेटीचं दार बिजागऱ्यांसकट निघालं. सोमवारपासून यायचं की नाही, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. “पुढची पत्रिका घे,” म्हणाले.

मी निघालो तेव्हा वनिताने थांबवलं. “तेव्हा लिहून देल्लं, तसं आता बी द्या जी.” मी बिलबुक काढलं. ती म्हणाली, राहू द्या, मीच टाइप करते. लग्नपत्रिकेवर नवरा-नवरीचं नाव येतं त्या जाड अक्षरात तिने टाइप केलं : “पेटीचे दार बंद ठेवल्याने मशीन गरम होऊन बंद पडत होती. यात ऑपरेटरचा दोष नाही.” मी सही केली. गिऱ्हाइकाला दिसेल अशा बाजूला तिने तो कागद पेटीवर चिकटवला, चारही कोपरे दाबून. पटलेभाऊ बघत होते. काढ म्हणाले नाहीत.

आता कुणाचीही मशीन माझ्याकडे नीट चालली, तर बिलावर मी “शॉपमध्ये नीट चालली” एवढंच लिहितो.