बुधवारचे वाटे

आमच्या धुळे रस्त्यावरच्या विमा ऑफिसात फायली साचतात, त्याहून जास्त किस्से साचतात. फायली निदान कुणीतरी दाबून ठेवतं! यातले बरेचसे बुधवारचे, आणि बुधवार सुरू केला मी.

पारोळ्याच्या बाजारात भाजी विकणारी अक्का भेटली. भाजी स्वतःच्या शेतातली. व्यापारी एकसारखा माल उचलतो आणि वाकडातिकडा तिथेच टाकून जातो, म्हणाली. मी बोलून गेले, "बुधवारी आमच्या ऑफिसला या. सगळं घेऊ."

'सगळं' हे मी कुणाला विचारून म्हटलं, देव जाणे.

* * *

पहिल्याच बुधवारी आमचे सीनियर क्लार्क नाना भेंडीसमोर बसले. शेंडा मोडायचा, मान हलवायची, भेंडी परत टोपलीत. नाना उठायला लागले तशी अक्काने मोडक्या अकरा भेंड्या वेचून त्यांच्या पिशवीत टाकल्या.

"ह्या तुम्ही मोड्यात, नाना. आते तुमन्याच."

हल्ली नाना भेंडी लांबूनच ओळखतात.

* * *

आमचे मॅनेजरसाहेब मुंबईहून बदलून आलेले. भर श्रावणात त्यांनी फ्लॉवर मागितला.

अक्का म्हणाली, "त्याले थंडी लागस, साहेब. तुमना एसीमा लाऊ का?"

साहेब गिलकी घेऊन गेले.

* * *

पुढच्या खेपेला साहेबांनी विचारलं, भाजी ऑर्गॅनिक आहे ना? तेवढ्यात पालकाच्या जुडीतून एक अळी निघाली आणि माझ्या की-बोर्डवर चढली. मी खुर्चीवर कधी उभी राहिले, मला कळलंच नाही. अक्काने अळी बोटावर घेतली आणि साहेबांच्या चष्म्यासमोर धरली.

"अळी मरनी नही, तं तुम्ही कशा मरशात?"

* * *

वाकडा माल कुणी घ्यायचा, यावर भांडणं व्हायला लागली. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सलमाताईंनी तोडगा काढला. त्यांच्या घरी ईदला वाटे पाडतात तसेच इथे पाडायचे: चांगलंवाईट मिसळून सारखे ढीग, आणि एकाने भिंतीकडे तोंड करून नावं घ्यायची. भिंतीकडे अर्थात मला उभं केलं. सलमाताई वाट्यावर हात ठेवून विचारायच्या, "हा कोणाचा?"

तीन बुधवार सगळ्यात वाकडा दोडका साहेबांच्या वाट्याला गेला. मी तिन्ही वेळा सॉरी म्हटलं. चौथ्यांदा सरळ गेला, तर संध्याकाळी घरी वहिनींनी त्यांना विचारलं, "खरं सांगा, मॉलमधून आणलात ना?"

* * *

आता वांग्यांचं. पेरणीच्या आधी अक्काने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, अर्ध्या एकरात कपाशीऐवजी भरताची हिरवी वांगी लावू का? "लेशात ना बठ्ठा?"

"सगळी घेऊ," मी म्हटलं. पुन्हा तोच शब्द!

थंडीत वांगी एकदम आली. त्या बुधवारी अक्का रिक्षा भरून सहा पोती घेऊन उतरली. आम्ही माणसं पंधरा. वाटे पाडले, पिशव्या फुगल्या, तरी चार पोती उरली. अक्का पायरीवर बसून राहिली.

"ह्या वांगा व्यापारी लेस नही, पोरी," एवढंच म्हणाली.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुऊन जागेवर येऊन बसले, तर मागच्या खिडकीतून धूर! रेकॉर्ड रूम त्याच बाजूला. आसपास एकही माणूस नाही. मी अग्निशमन दलाला फोन लावला.

लाल गाडी घंटा वाजवत आली. मी जवानांना घेऊन मागच्या अंगणात धावले. तिथे नानांनी कपाशीच्या काड्या पेटवल्या होत्या, साहेब बाह्या सरसावून वांगी उलटत होते, आणि सलमाताई हिरव्या मिरच्या ठेचत होत्या. मी आत रडत होते, तेव्हा सगळ्यांनी मिळून भरीत ठरवलं होतं. एजंट, हप्ता भरायला आलेली माणसं, सगळ्यांना जेवायला बसवायचं होतं. मला सांगायचं तेवढं राहिलं.

मला वाटलं, आता पोलीस केस. जवानांच्या प्रमुखांनी जाळाकडे पाहिलं, अक्काच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीकडे पाहिलं, आणि पाइप गुंडाळायला सांगितला.

जेवण झाल्यावर उरलेली पोती त्यांनीच घेतली. भाव विचारून पैसे दिले आणि वांगी लाल गाडीत चढवली.

पुढच्या बुधवारी अक्काने टोपली उतरवली आणि मला जवळ बोलावलं.

"पोरी, ती लाल गाडी कोनता वारले येस? सांगी ठेव. मी आखो दोन वाफा लाई देस."