पंधरवड्यातलं गिऱ्हाईक

वीस सप्टेंबर २००५, मंगळवार. गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला तीन दिवस झाले होते आणि मी पुण्यातल्या आमच्या पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत काठ्या मोजून घेत होते. बंदोबस्ताला नेलेली काठी, शिट्टी, दोरखंड, बॅटरी परत आणून जमा करायची असते, हे वर्दीत वीस वर्षं काढलेल्या माणसालाही दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. काठ्या कमी भरत होत्या. कुठे गेल्या विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्या चौकीकडे बोट दाखवत होता. पुढचं सगळं प्रकरण आठवताना मला अजूनही आधी या काठ्या आठवतात, कारण ते काम त्या दिवशी अर्धंच राहिलं.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होते. वारज्याचा बराच भाग आमच्या हद्दीत होता. हिंजवडीला नोकऱ्या लागत होत्या, बँका स्वतःहून फोन करून कर्ज देत होत्या आणि वारज्यात चौकाचौकात एक काचेचं दार, त्यामागे एसी आणि एसीखाली एक एजंट बसलेला असायचा. त्यातले बरेच जण सरळ धंदा करत. प्रश्न उरलेल्यांचा होता.

ठाणे अंमलदाराने एका बाईंना आत पाठवलं. चाळिशीच्या, नागपूरकडच्या, इथे एका सरकारी कार्यालयात लिपिक. नवरा भोसरीला कारखान्यात.

"काय तक्रार आहे?" मी हातातली काठी न ठेवता विचारलं.

"तक्रार अशी नाही, मॅडम. माणूस खोटं बोलून राहिला."

माणूस म्हणजे वारज्यातला एक एजंट. त्याने बाईंना तिसऱ्या मजल्यावरचा एक रिसेलचा फ्लॅट दाखवला होता. गणपतीत विसार दिला. तो पैसा सासऱ्यांचं नागपूरचं घर विकून आणलेला. सासरे आता यांच्याकडेच होते आणि रोज एकच विचारत होते, खिडकी कुठल्या बाजूला आहे? सध्याच्या घरमालकाने महिनाअखेर जागा रिकामी करायला सांगितली होती. म्हणजे जुनं घर गेलेलं, भाड्याचं जायच्या बेतात आणि नवं या एजंटाच्या हातात.

"दस्त कधी करायचा विचारलं, तर म्हणे घटस्थापनेला. आता पितृपंधरवडा आहे. मी म्हटलं, भाऊ, आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात पंधरवडा नसते. मी उद्याची रजा टाकली, उद्याच करू. तर बोलणंच बदललं जी. मग म्हणे, निबंधक कार्यालयात लय गर्दी आहे. मी आज तिथं जाऊन पाहून आली. कोणीच नाही. तिथले साहेब म्हणाले, पंधरवड्यात कोण येते? या, लगेच करून देऊ."

खोटं बोलणं हा गुन्हा नाही. असता तर अर्धा लक्ष्मी रोड बंद करावा लागला असता. पण एक गोष्ट मला खटकली. एजंटाला दलाली दस्ताच्या दिवशी मिळते. ती उद्या मिळत असताना दोन आठवडे पुढे ढकलणारा एजंट मी तोवर पाहिला नव्हता.

मी आमच्या हवालदारांना गाडी काढायला सांगितलं. हे गृहस्थ जुने, कामाला चोख आणि पंधरवडा कडक पाळणारे. वडिलांचं श्राद्ध होईपर्यंत वस्तरा लावत नसत, त्यामुळे गालांवर पांढरे खुंट उगवले होते.

"मॅडम, पंधरवडा उलटू द्या की. नवीन काम आत्ता कशाला?"

"चोरांनाही सांगून येता का तेवढं?"

ते गाडी काढायला गेले.

फ्लॅटला कुलूप होतं. शेजारचं दार आम्ही न वाजवताच उघडलं. आतल्या काकूंनी माझी वर्दी पाहिली, मग बाईंना पाहिलं आणि म्हणाल्या, "हो, या पण येऊन गेल्यात. एकाच फ्लॅटला किती मालक असतात हो, मॅडम? सोसायटीच्या नियमात बसतं का, तेवढं विचारून सांगा."

"आणखी कोण आलं होतं?"

"गणपतीत रोज कोणी ना कोणी. सगळे स्वयंपाकघर मोजतात आणि माझ्याकडे पाणी मागतात. एकीने तर दाराला कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी पुसलं नाही, म्हटलं मालक पुसेल, कुठला ते माहीत नाही."

स्वस्तिक काढणाऱ्या आजींच्या मुलाने काकूंना आपलं कार्ड देऊन ठेवलं होतं, राहायला आल्यावर दूधवाला लावून द्या म्हणून. हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. कार्ड मी घेतलं.

मूळ मालक कसबा पेठेत राहत असल्याचं सोसायटीच्या सचिवाकडून कळलं. गल्लीत गाडी जात नाही, चालत गेलो. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं लहानसं दुकान, गल्ल्यावर सत्तरी ओलांडलेले काका. मी फ्लॅटविषयी विचारलं.

"मुलासाठी घेतला होता. तो गेला अमेरिकेला. भाड्याने द्यायला म्हणून त्या एजंटाला किल्ली दिली. सहा महिने झाले. फोन केला की म्हणतो, गिऱ्हाईकच येत नाही, काका."

"विकायला काढला होता?"

"मी? कोणी सांगितलं?"

मी बाईंकडची विसार पावती पुढे केली. काकांनी चष्मा पुसला, पावती उजेडात धरली.

"ही माझी सही? इतकं वळणदार अक्षर असतं, तर घासाघीस करत भांडी कशाला विकली असती?"

परत येऊन बाईंची रीतसर फिर्याद घेतली. फसवणूक आणि खोटा दस्तऐवज, गुन्हा दाखल झाला. बाईंनी सही करताना एकच विचारलं, "पैसा मिळन ना, मॅडम?" मी "बघू" म्हटलं. पोलिसांनी याहून जास्त काही म्हणू नये.

दुसऱ्या दिवशी एजंटाला त्याच्या ऑफिसातून आणलं. काचेवरची नावाची पट्टी खरवडून काढलेली होती आणि खुर्च्या दोरीने बांधून ठेवलेल्या होत्या. "रंगकाम आहे," म्हणाला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, बोलणं मधासारखं.

"मॅडम, गैरसमज झालाय. काकांनी तोंडी विकायलाच सांगितलं होतं. वय झालंय, विसरतात. मी फक्त पंधरवड्यासाठी थांबलोय. माझ्या वडिलांची तिथी याच पंधरवड्यात येते, आम्ही फार कडक पाळतो. त्या बाईंना आपल्या रीती ठाऊक नाहीत, म्हणून घाबरल्या. त्यांचे पैसे मी आत्ता परत करतो. विषय मिटला."

वरिष्ठही म्हणाले, "देतोय ना परत? मग?" मग असं, की एकीचे पैसे टाकून तो बाकीच्यांचे घेऊन निघून गेला असता. मला बाकीचे हवे होते.

इंजिनिअरला फोन केला.

"मॅडम, ऍक्च्युअली आपण हे चार ऑक्टोबरनंतर करू शकतो का? आई म्हणते पंधरवड्यात पोलीस स्टेशन नको."

"तुम्ही घेतलेलं घर त्या माणसाचं नाही."

"पण तो खूप प्रोफेशनल आहे, मॅडम. त्याने आम्हाला प्रेझेंटेशन दिलंय."

"मालकाला भेटलात?"

"नाही. पण स्वयंपाकघर पूर्वेला आहे. आईने होकायंत्र आणलं होतं."

या शहरात माणसं दोन रुपयांची कोथिंबीर दहा वेळा निरखून घेतात आणि आयुष्याची कमाई देताना फक्त दिशा बघतात. मी त्याला समज देऊन संध्याकाळी बोलावलं. तो आईला घेऊन आला. आजी पायरी चढेनात. शेवटी व्हरांड्यात खुर्ची टाकली. मी त्यांना खोटी सही दाखवली, काकांचा जबाब वाचून दाखवला, हाच फ्लॅट नागपूरच्या बाईंनाही विकलाय ते सांगितलं. आजी ढिम्म.

"अहो, तो मुलगा तसा नाही. आम्ही विसार दिला तेव्हा त्यानेच गणपतीसमोर नारळ फोडला. घटस्थापना होऊ द्या, मग तुमची काय ती तक्रार करू."

एजंटाला समोर आणलं. त्याने वाकून आजींच्या पायांना हात लावला. "आजी, तुम्ही तरी समजावा यांना. पंधरवड्यात मी शुभकार्याला हात कसा लावू? आम्ही सगळं पाळतो."

आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा. संस्कार आहेत." मुलगा मोबाईलमध्ये बघत होता. मी कपाळाला हात लावायच्या बेतात होते.

तेवढ्यात शेजारी उभे असलेले हवालदार स्वतःच्या गालावरून हात फिरवत, अगदी सहज म्हणाले, "पाळतो म्हणताय साहेब, मग कॉलरवर हे बारीक केस कसले? मघापासून बघतोय. कटिंग आजची दिसतेय. कलपसुद्धा ताजा आहे."

एजंटाचा हात कॉलरकडे गेला. तिथेच तो फसला.

आजी खुर्चीतून उठल्या. "वडिलांची तिथी व्हायची आहे ना तुझी? आणि केस कापलेस? पंधरवड्यात?"

"आजी, ते... जरा बाहेरगावी जायचं होतं..."

"बापाला फसवणारा माणूस मला सोडणार होय रे मेल्या?" आणि मग मुलाकडे वळून, "तो फोन ठेव आधी! मॅडम, कुठे सही करायची?"

ज्या आजींना खोटी सही पटली नाही, मालकाचा जबाब पटला नाही, त्या स्वतःच्या पायांनी पायरी चढून आत आल्या. जबाब देऊन झाल्यावर त्यांनी माझ्या टेबलावरून फोन ओढला आणि एजंटाच्या तोंडून ऐकलेल्या, आपल्या ओळखीच्याच निघालेल्या आणखी एका कुटुंबाला लावला. "मी सांगते तुम्हाला, केस कापलेत त्याने!" एकाकडून दुसरा कळत रात्रीपर्यंत एकूण चार गिऱ्हाइकांचे जबाब झाले. कायद्याने जे जमलं नाही ते न्हाव्याने करून दिलं, याचा मला तेव्हा आनंद झाला नव्हता, संताप आला होता. अजूनही येतो.

पोलीस कोठडीत एजंट बोलता झाला. बेत साधा होता. गणपतीत लोक उत्साहाने विसार देतात. मग पंधरवड्यात कोणी घराचं नाव काढत नाही, फोन करत नाही, फ्लॅट बघायला जात नाही. तेवढ्या दिवसांत सामान हलवायचं आणि निघायचं. घटस्थापनेच्या सकाळी चार कुटुंबं एकाच दारात हार घेऊन उभी राहिली असती. पैसे मेव्हण्याकडे ठेवले होते, बरेचसे जप्त झाले.

"मग चुकलं कुठे?" मी विचारलं.

"पावतीवर त्या बाईंचं आडनाव मीच लिहिलं होतं, मॅडम. तेव्हाच बघायला हवं होतं."

सगळ्या चौकशीत त्याला वाटलेला पश्चात्ताप एवढाच.

या प्रकरणाने मला शिकवलं ते फार थोर नाही. पंधरवड्याला मी नावं ठेवणार नाही. तो मनापासून पाळणाऱ्या माणसानेच त्या भामट्याला ओळखलं. पण जिथे सगळे जण एकाच वेळी डोळे मिटतात, ती वेळ चोराला पाठ असते. एजंट जरूर घ्या, चांगला एजंट पायपीट वाचवतो. मात्र मालकाला त्याच्या घरी जाऊन भेटा आणि तोंडाने विचारा, विकायचंय का? एवढं विचारायला संकोच वाटतो म्हणणारी शिकली-सवरलेली माणसं मी पुढेही पुष्कळ पाहिली.

जप्त पैसे कोर्टाच्या आदेशाशिवाय परत देता येत नाहीत. त्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग महिनाअखेर बुढ्याला घेऊन कुठं जाऊ, तेवढं सांगा." त्या वेळी कसब्यातले काका पुरवणी जबाबावर सही करायला आले होते. बाई उठून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"काका, फ्लॅट विकायचा नाही ना?"

"नाही."

"भाड्याने?"

काकांनी पेन खाली ठेवलं. "चार जणांनी माझं घर विकत घेतलं. मला विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग म्हणाले, "पण सध्या पंधरवडा... तुम्हाला चालतं, नाही का?"

"पंधरवडा चालते जी. रस्त्यावर राहणं चालत नाही."

काकांनी खिशातून दुसरी किल्ली काढली. "भाडं दर महिन्याला दुकानात आणून द्यायचं. मधे कोणी नको."

"आणि कुलूप आजच बदला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात जाता जाता मी वारज्याला गाडी थांबवली. टेम्पोतून एक कपाट, गाद्या आणि एक वेताची खुर्ची उतरत होती. सासरे जिना चढून कधीच वर पोचले होते. शेजारच्या काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या आणि बाईंना विचारत होत्या, "राहणार ना? की पुन्हा नुसतंच स्वयंपाकघर मोजून जाणार?"

म्हातारबुवांनी खुर्ची खिडकीशी ओढून घेतली. नवीन कुलूप लागलेलं मी हात लावून पाहिलं.

मग ठाण्यात गेले आणि काठ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या. दोन कमी होत्या.