शेजारी ठेवलेला कोट

कापराचा वास आला की ह्यांचा कोट आठवतो आणि माझं डोकं फिरतं. जव्हारात संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. कलकत्ता, रंगून, सिंगापूर पाहून महिन्यात परत येऊ, असं ह्यांनी नकाशा पसरून ठरवलं. बोटीला अवकाश होता, पण मुहूर्त टळू नये म्हणून एकुलता एक कोट कापूर-सुपारीसकट बांधून शेजारी प्रस्थान ठेवलं; म्हणजे आपण निघालोच! मग बोट रद्द झाली. हे थंडीत कुडकुडायचे. "अहो, गेली खड्ड्यात ती शहरं, कोट तरी आणा!" "प्रस्थान कुणी परत आणतं का? पुढच्या बोटीने जाऊ." अशी कित्येक वर्षं गेली. शेवटी हे गेले, ते मुहूर्त न बघता. शेजारीण गाठोडं घेऊन आली, तर मीच ओरडले, "राहू दे तिथंच, प्रस्थान परत आणत नाहीत!" अजून तिथंच आहे.